विसावं कार्ड

"तू येतेस का?" चपला घालता घालता त्यानं बायकोला विचारलं.

"नको रे. ती जुनी पुस्तकं म्हटली की माझं डोकं धरतं." ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. "आणि माझा विषय काढू नकोस उगाच."

त्याला हायसंच वाटलं. जे सांगायचं होतं ते बायकोसमोर सांगायची त्याची छाती नव्हती.

बाई म्हणजे त्याच्या पहिल्या नोकरीतल्या साहेब. अठराव्या शतकातल्या इंग्रजी कादंबऱ्यांत मनाला आणि हृदयाला काय काय म्हटलंय, ते त्यांनी उभ्या आयुष्यात गोळा केलं होतं. मन म्हणजे आरसा, मेण, घड्याळ. हृदय म्हणजे किल्ला. लेखकमंडळींनी काही म्हणायचं शिल्लक ठेवलं नव्हतं. वाचणाऱ्यानं एका कार्डावर एक उपमा, खाली पुस्तकाचं नाव आणि पान, अशी दिवसाला वीस कार्डं टाइप करायची, तपासणारीनं मूळ पुस्तक उघडून प्रत्येकावर लाल खूण करायची, अशी बाईंची शिस्त. तो वाचणारा. बायकोही लग्नाआधी काही महिने तिथेच होती, मग कंटाळून तिनं सोडलं.

एका संध्याकाळी त्याची एकोणीसच कार्डं भरली. होणाऱ्या बायकोबरोबर सिनेमा ठरला होता. विसावं त्यानं सरळ डोक्यातून काढलं: 'मन म्हणजे भाड्यानं दिलेलं घर, मालकालाही दार वाजवूनच आत जावं लागतं.' खाली एका जाडजूड कादंबरीचं नाव आणि पान ठोकून दिलं. तपासणाऱ्या चौघीजणी होत्या. कार्ड कुणाच्या हाती गेलं कुणास ठाऊक, पण बोंब झाली नाही. वर्षभरात त्याला चांगली जागा मिळाली आणि तो तिथून निघाला.

आता सोमवारी बाईंचा ग्रंथ छापायला जाणार होता. एक कार्ड खोटं निघालं तर बाकीच्या हजारोंवर कोण विश्वास ठेवील? तेरा वर्षं त्याला स्वतःची लाज वाटत आली होती.

बाईंनी चहा पुढे केला. त्यानं कपाला हातही न लावता, जमिनीकडे बघत, एका दमात सगळं सांगून टाकलं.

"माझी अब्रू गेली तरी चालेल बाई, पण ते कार्ड काढा."

बाई रागावल्या नाहीत. चष्मा काढून पुसत बसल्या.

"ते पुस्तकात नाहीच. त्याच महिन्यात फाडून टाकलं मी."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"कार्ड खोटं आहे, एवढंच. ओळ सापडेना म्हणून लाल खूण करणारीला बोलावलं. ती म्हणाली, मीच रचलं आणि गंमत म्हणून गठ्ठ्यात सरकवलं. तिला मी नाही नाही ते बोलले. उभ्या उभ्या काढून टाकलं. दुसरीकडे कुणी घेऊ नये म्हणून चार ठिकाणी पत्रंही लिहिली."

त्याचे कान तापले. आपल्या एका सिनेमापायी कुणाची तरी पोर देशोधडीला लागली होती आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता.

"कोण होती ती? बाई, मी जाऊन तिचे पाय धरतो."

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"अरे," त्या म्हणाल्या, "तुमच्या दोघांच्या लग्नातसुद्धा मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही."