उजवी पाकळी

गुरवांनी देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवली. उजवी आधी पडली तर गर्भ पाडायला देवीची परवानगी, डावी पडली तर नाही.

"आई, बाळाक कवटीच नाय. डॉक्टर म्हणतत, जन्मला तरी ता जगाचा नाय," संपदा कळवळून म्हणाली.

"देवीन दिलेलो नातू तो! डॉक्टर काय देवीपेक्षा मोठो?" सासूबाई कडाडल्या.

उजवी पाकळी पडली. संपदानं रडतच हात जोडले.

"पंख्याचो वारो लागलो," सासूबाई गुरवांना म्हणाल्या. "पंखो बंद करा नि पाकळ्यो परत लावा."

या खेपेला डावी पडली. सासूबाईंनी देवीपुढे डोकं टेकलं.

संपदा थांबलेल्या पंख्याकडे बघत राहिली. गेल्या वर्षी पोटात मुलगी होती. तेव्हा उजवी पडताच तिला थेट दवाखान्यात नेलं होतं. पंखा तेव्हाही चालू होता.