स्टेशन आलं
"बीपीची गोळी पाच वर्षं, साखरेची तीन," मी डॉक्टरांना सांगितलं. महिन्यापूर्वीच्या झटक्यानं डावं अंग लुळं पडलेले हे माझ्या बाजूला व्हीलचेअरवर होते. "घोरतात का?" "घोरतात? घर डोक्यावर घेतात! आम्ही ह्यांना इंजिनच म्हणतो." पुरावा म्हणून मोबाइलमधलं जुनं रेकॉर्डिंग लावलं. पूर्वी ते सकाळी ऐकवलं की ह्यांनाही हसू फुटायचं. घर्र घर्र, मग एकदम शांतता. त्यात लेकीची आरोळी, "स्टेशन आलं!" आणि माझं खो खो हसणं. डॉक्टर मात्र घड्याळ बघत होते. इंजिन पुन्हा सुरू होताच म्हणाले, "बेचाळीस सेकंद श्वास बंद होता. हे रोजचं असेल तर बीपी, साखर, झटका, सगळ्यालाच ह्यानं खतपाणी मिळतं." मोबाइल बंद करायला माझं बोट वळेना. पुढचं स्टेशन आलं, पुन्हा माझं हसणं. सवयीनं हेही हसले, उजव्या अर्ध्या चेहऱ्यानं.