मोकळी सकाळ

"हेमिशला सांग, त्याच्यामुळे मी अजून माझ्या घरात आहे," हॉस्पिटलच्या खाटेवरून मर्व्ह लेकीला म्हणाला. "आणि विचार, माणूस आहेस की वटवाघूळ. दुपारशिवाय जागाच होत नाही."

नोलीन हसली. वडिलांच्या छातीच्या तपासण्यांसाठी ती त्यांना ब्रोकन हिलहून ॲडलेडला घेऊन आली होती. हेमिश तिचा साहेब. तो ॲडलेडलाच राहायचा. विमा कंपनीचं काम दोघंही आपापल्या घरून करायचे, त्यामुळे प्रत्यक्ष भेट कधी झालीच नव्हती.

जन्मभर खाणीत राबलेल्या मर्व्हची फुप्फुसं आता दमली होती. सकाळ सगळ्यात वाईट. त्याला उठवायचं, पाठ थोपटून कफ मोकळा करायचा, अंघोळ, मग ऑक्सिजन. हे करायला नोलीनशिवाय कोणी नव्हतं. भाऊ पर्थहून फोनवर वृद्धाश्रमांची नावं तेवढी सुचवायचा.

नोकरीसाठी फोनवर मुलाखत झाली, तेव्हा तिने भीत भीत विचारलं होतं, काम दुपारनंतर सुरू केलं तर चालेल का. कारण मात्र सांगितलं नाही. घरी आजारी माणूस आहे म्हटल्यावर लोक कसे मागे सरतात, हे तिने पाहिलं होतं.

"दुपारनंतर?" पलीकडून हेमिशने पुन्हा विचारलं. मग म्हणाला, "चालेल. सकाळी मी तुम्हाला कधीच फोन करणार नाही."

आणि केला नाही. वरच्या लोकांनी सकाळच्या बैठकांचा आग्रह धरला की तो परस्पर नकार कळवायचा. कारणही त्याने कधी विचारलं नाही. मर्व्ह आपल्याच अंगणात बसून गॅलाह पाखरांना शिव्या घालतो, ते या माणसाच्या चांगुलपणामुळे, असं नोलीन मानायची. एकदा समोर जाऊन आभार मानायचे, हे तिने केव्हाच ठरवलं होतं.

हेमिशने दुपारी बोलावलं होतं. पण मर्व्हला तपासणीला लवकर नेलं, आणि नोलीन क्वांडाँग या रानफळाच्या मुरंब्याची बरणी घेऊन सकाळीच निघाली.

दार हेमिशच्या बायकोने, डेल्माने उघडलं. नाव ऐकताच तिने नोलीनला हाताला धरून आत घेतलं. आतल्या खोलीत एक यंत्र घरघरत होतं. त्याच्या नळ्या हाताला लावून एक माणूस झोपला होता.

"किडन्या गेल्यात हेमिशच्या," डेल्मा हळू आवाजात म्हणाली. "सकाळ सगळी या मशीनपायी जाते. दुपारनंतर काम करणारं कोणी जोडीला मिळालं तरच नोकरी राहील, असं कंपनीने सांगितलं होतं. ज्याला विचारावं तो नाही म्हणायचा. शेवटी तुमची मुलाखत. आणि हा काही बोलायच्या आत तुम्हीच म्हणालात, दुपारनंतर. फोन ठेवल्यावर रडला हो."

डेल्माने तिचा हात सोडला नव्हता.

"इतकी वर्षं विचारायचं म्हणतोय, पण धीर होत नाही त्याला. सांगा ना, त्याच्या आजाराचं तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"