आजचं पाणी

"बंद कर तो आवाज," कौस्तुभ म्हणाला.

मनालीने बंद केला नाही. उलट स्टुडिओतल्या पॅनेलवर थोडा वाढवला. भाईंदरच्या खाडीवर, जेटीच्या पायरीपाशी तिने बांधलेला माईक आज नुसता फुरफुरत होता. त्यात वारा घुसत होता, होड्यांचे दोर करकरत होते, मध्येच कुठलीतरी फळी आपटत होती. पहाटेचे पाच वाजून वीस मिनिटं झाली होती आणि हे सगळं जसंच्या तसं कम्युनिटी रेडिओवरून घरोघर जात होतं. घरोघर म्हणजे, कुणी ऐकत असेल तर.

तिच्या कार्यक्रमाचं नाव 'उघडा माईक'. रोज पाच ते सहा. सोमवारी स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यातले ठोके, मंगळवारी केबिन रोडवर उघडणारी शटरं, आणि रोज न चुकता वीस मिनिटं खाडी, थेट. हेही संगीतच आहे, असं ती छातीठोकपणे सांगायची. तिच्या आईने पहिल्या दिवशी ऐकून विचारलं होतं, "हे संगीत आहे की नळदुरुस्ती?"

सहा महिन्यांत एकाही श्रोत्याचा फोन आला नव्हता. एकदा वाजला होता, तो टँकरवाल्याला शोधणाऱ्याचा राँग नंबर निघाला. आज दहा वाजता रेडिओ चालवणाऱ्या ट्रस्टची मीटिंग होती. स्टेशनप्रमुख कौस्तुभ माणूस वाईट नव्हता, पण मीटिंगमध्ये वरच्यांना तोंड त्याला द्यायचं होतं. "सहाच्या आत एक फोन आला तर मी तुझ्या बाजूने भांडेन," तो तिला म्हणाला होता. "नाहीतर सोमवारपासून भजनं. निदान लोकांना सांग तरी, फोन करा म्हणून."

"मी नाही हात जोडणार. ज्यांना ऐकायचंय ते ऐकतायत."

बोलली खरी, पण हा एक तास गेला तर तिच्याकडे स्वतःचं म्हणावं असं काही उरणार नव्हतं. दिवसभराची नोकरी होती, पण ती कुणीही केली असती.

वाऱ्याचा एक झोत आला आणि पॅनेलवरची सुई तांबड्या रेघेपार गेली. कौस्तुभने कान दाबले.

"हा आवाज नाही, छळ आहे. तुझी ती पहिल्या आठवड्यातली फाइल कुठंय? पाणी कसं गोड वाजतं त्यात. ती लाव."

"ते तेव्हाचं पाणी आहे. मी आजचं लावते."

"पाणी ते पाणी! कुणाला कळणार आहे?"

"मला कळतंय ना."

"तू श्रोता नाहीस, मनाली." त्याने हात पुढे करून पॅनेलवरचा जेटीच्या माईकचा खटका स्वतःच खाली ओढला आणि फाइल लावली. स्टुडिओत एकदम शांत झालं. पायरीला लागणारं पाणी, चुळुक चुळुक. कौस्तुभ समाधानाने खुर्चीत टेकला. मनालीच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं.

तीन मिनिटांनी फोन वाजला.

दोघंही त्याच्याकडे बघतच राहिले. मग कौस्तुभने उचलून स्पीकरवर टाकला. चेहऱ्यावर 'बघ, गोड लावलं तर फोन येतो' असा भाव.

"कोन बोलतंय?" बाईमाणसाचा खणखणीत आवाज. "मी कमळाबाई, कोलीवाड्यातली. ह्ये पानी कुठलं लावलंय?"

"खाडीचंच आहे मावशी. छान वाटतंय ना?"

"काय छान? काल अवस झाली. या टायमाला पायरी कोरडी असते. तुमच्या रेडिओत पायरीला पानी लागलंय कसं? ह्ये तर अष्टमीचं पानी हाय!"

कौस्तुभने मनालीकडे पाहिलं. पहिल्या आठवड्यातली ती फाइल खरंच अष्टमीची होती, हे फक्त तिला ठाऊक होतं. तिने फाइल बंद केली आणि जेटीच्या माईकचा खटका वरपर्यंत ढकलला. वारा पुन्हा स्टुडिओत घुसला. सुई तांबड्यात गेली. या वेळी कौस्तुभचा हात पुढे आला नाही.

फोनवर कमळाबाई ऐकत होत्या. त्यांच्या घरातल्या रेडिओतून तोच वारा फोनमध्ये परत येत होता.

"धर्मा," त्या घरात कुणाला तरी ओरडल्या, "जालं खाली ठेव. न्हाय जायाचं आज. शेजारी विठूला पन सांग."

"मावशी, तुम्ही हे ऐकून ठरवता?" कौस्तुभने विचारलं.

"मग? तिथीवरनं पानी कलतं, वारा न्हाय कलत. आणि चारी अंगानं टावर उभं ऱ्हायले तवापासून घरात बसून वाराच लागत न्हाय. जेटीवर जाऊन परत येयाचं म्हंजे तासभर मोडतो. म्हनून सगली आली ह्यो रेडिओ लावते."

सगळी आळी. मनालीने खुर्चीचा हात घट्ट धरला. तिने ज्याला संगीत म्हटलं होतं त्याच्यावर माणसं होड्या सोडत होती, आणि तिला पत्ताच नव्हता. हसावं की रडावं, तिला कळेना.

"पण मग सहा महिन्यांत एक तरी फोन करायचा ना!" कौस्तुभ जवळजवळ ओरडलाच. "आम्ही सोमवारपासून हे बंद करणार होतो!"

"फोन कशाला करू?" कमळाबाई म्हणाल्या. "ती पोरगी रोज खरं लावत होती."