सोललेल्या शिंगाड्यांचे गुण

शिंगाड्याच्या गुणांवर वैद्यबुवांनी एक सबंध ग्रंथ रचला होता. शिंगाडा शीतल, पित्तशामक, बलवर्धक. आणि पुरावा म्हणून ते स्वतःची ठणठणीत प्रकृती दाखवीत. पत्नी शिंगाडे सोलून देई, ते लिहितालिहिता वाटी संपवीत.

यंदा तिला जिना चढवेना, तेव्हा ग्रंथ उघडून ते गंभीरपणे म्हणाले, "अगं, रोज मूठभर शिंगाडे खात जा. अशक्तपणा कुठल्या कुठे पळेल."

"चव कशी असते हो त्यांची?"

"चाळीस वर्षं सोलते आहेस, आणि मला विचारतेस?"

"सोलते मी. वाटी तुमच्यापुढे असते."

वैद्यबुवांनी सुरी घेतली. पहिला शिंगाडा सोलून होईतो अंगठ्यात दोन काटे शिरले, नखे काळी पडली आणि पाऊण तास उलटला. त्यांनी तो तिच्या तळहातावर ठेवला.

"गोड आहे हो," ती म्हणाली. "दुसरा यंदाच मिळेल ना?"

त्याच दिवशी नव्या आवृत्तीच्या मुद्रितात त्यांनी दुखऱ्या अंगठ्याने एक तळटीप घातली: 'वरील सर्व गुण खाणाऱ्याचे आहेत. सोलणाऱ्याविषयी लेखकाचा अभ्यास आजच सुरू झाला आहे.'