रिलीव्हर

माझ्या दोन्ही किडन्यांनी संप पुकारल्यापासून मी निगडीला डायलिसिसला जातो. मशीन रक्त धुतं, मी खुर्चीत पडून छत बघतो आणि शेजारी स्टुलावर बसून बायको, कस्तुरा, मला पथ्यं ऐकवते.

कंपनीत आमचा नियम होता. पुढच्या शिफ्टचा गडी, म्हणजे रिलीव्हर, येऊन खांद्यावर थाप मारेपर्यंत मशीन सोडायचं नाही.

गेल्या महिन्यात डायलिसिस चालू असताना तशीच थाप पडली. "चला साहेबराव, सुटलात तुम्ही."

वळून पाहिलं, तर खुर्चीमागे नुसती भिंत.

घाबरलो राव! पण तोंडातून सवयीने निघालं, "ओव्हरटाइम करतोय. पुढच्या वेळी ये."

आणि तो गुमान गेला. तेव्हापासून दर खेपेला तो थाप मारतो, मी ओव्हरटाइम सांगतो, तो जातो. डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट सुधारतायत.

कस्तुराला सांगितलं तर फणकारली, "तुम्हाला बरे रिलीव्हर मिळतात! मला स्वयंपाकघरातून कधी कोणी सोडवलं?"

"हळू बोल," मी म्हणालो. "भिंतीला ऐकू जातं."

आज थाप पडलीच नाही. उत्तर जिभेवर तयार ठेवून मी वाट बघत राहिलो.

एवढ्यात कस्तुराने डबा पिशवीत भरला, पदर सावरला आणि भिंतीकडे बघून नव्या नवरीसारखी लाजली.

"अगं, ओव्हरटाइम म्हण!" मी ओरडलो.

"का म्हणू?" ती स्टुलावरून उठत म्हणाली. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं, बाई, तुम्ही सुटलात."