अहो-जाहो

“अहो बाबा, एवढं सूप घ्या ना,” मावशी म्हणाली.

खाटेवरच्या म्हाताऱ्या ट्रक ड्रायव्हरने ओठ गच्च मिटून घेतले. वॉर्डातली ही मावशी त्याला रोज भरवायची. आजही पोटात काही गेलं नाही तर दुपारी नाकातून नळी घालू, असं डॉक्टर सांगून गेले होते.

मावशीच्या मागे एक तरुण बाई उभी होती. इस्पितळातल्या कामाचा अभ्यास करायचा म्हणून ती सकाळपासून मावशीच्या मागोमाग फिरत होती. मध्ये बोलायचं नाही, मदत करायची नाही, नुसतं बघायचं आणि टिपायचं, असा तिचा नियम. वॉर्डाने तिला लगेच ‘सावली’ करून टाकलं. आणि सावलीसमोर पेशंटना नीट अहो-जाहो करा, असं मोठ्या सिस्टरने मावशीला बजावलं होतं.

“घ्या ना हो. एकच चमचा.”

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “खरं सांग. मी चाललोय ना?”

“कुठे?”

“खिडकीजवळच्या मास्तरांशी परवा अशीच गोड बोलत होतीस. आज तिथे कोरी चादर आहे.”

मावशीचा चमचा हवेतच राहिला. तिने वळून सावलीकडे पाहिलं. सावलीने पेन खिशात घातलं आणि पहिल्यांदाच बोलली.

“मावशी, मी इथे नाहीच असं समजा.”

“एवढी ताडमाड बाई नाही असं कसं समजू? तिकडे तोंड करा बघू.”

सावली भिंतीकडे वळली. मावशीने बाह्या सरसावल्या.

“ए ट्रकवाल्या! भर रस्त्यात गाडी आडवी लावून बसलायस, मागे सगळ्या खाटा खोळंबल्यात. उघडतोस तोंड, की घालू पाना?”

म्हाताऱ्याने तोंड उघडलं.

“हळू गीळ. कुणी ओढून नेत नाहीये. आणि डोळे पूस आधी, रडतोय मेला लहान पोरासारखा.”

भिंतीकडे तोंड करून उभ्या सावलीचे खांदे हलत होते. हसू होतं की आणखी काही, ते मागून कळत नव्हतं.

वाटी रिकामी झाली. मावशीने म्हाताऱ्याची हनुवटी पुसली आणि ती उठायला लागली, तर त्याने तिचं मनगट धरलं.

“उद्या?” त्याने हळूच विचारलं.

“उद्या तर तुझी अजिबात गय करणार नाही.”

“ये तर खरी,” म्हातारा उशीला टेकत म्हणाला, “बघूनच घेतो तुला.”